गोल चित्रासाठी भिंग कोणते?

समजा तुमच्या शाळेची सहल कार्ल्याच्या लेण्यांना गेली आहे. लोणावळ्याजवळच्या डोंगरातील हे लेणे पाहायचे तर बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. वर्गातील एका मैत्रिणीच्या पायाला प्लॅस्टर आहे, म्हणून ती खाली पायथ्याशीच थांबली आहे. वरचे चैत्यगृह तिला कसे दाखवाल?

तुम्ही म्हणाल, त्यात काय, फोटो काढून आणू! एक फोटो स्तूपाचा, एक खांबांचा, एक छताचा. पण ‘स्तूपाकडे पाठ केली की समोर काय दिसते?’ किंवा ‘या खांबाच्या वर काय आहे?’ असे तिने विचारले, की आपले फोटो गप्प बसतात. तिला हवे आहे असे चित्र, की ज्यात तिला स्वतःला मान वळवता येईल. अशा चित्रांतून जो फेरफटका मारता येतो त्याला आभासी फेरी म्हणतात. ती तयार करायची तर पहिला प्रश्न येतो तो कॅमेऱ्याच्या भिंगाचा. ‘जितके रुंद दिसेल तितके भिंग चांगले’ असे पुष्कळांना वाटते. ते कितपत खरे आहे, हे आज आपण गणित करून पाहू या.

चित्राच्या पोटात उभे राहणे

चहूबाजूंनी वेढणारे चित्र ही कल्पना कॅमेऱ्याहून जुनी आहे. रॉबर्ट बार्कर या आयरिश चित्रकाराने १७८७ साली ब्रिटनमध्ये तिचे पेटंट घेतले. १७९३ साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याने एक गोल इमारत उघडली. आतल्या भिंतीवर सगळीकडून चित्र, आणि प्रेक्षक मधल्या चौथऱ्यावर! पॅनोरमा हा शब्द याच चित्रांमुळे रूढ झाला. पुढे १९९५ साली अ‍ॅपल कंपनीने ‘क्विकटाइम व्हीआर’ काढून हा चौथरा संगणकाच्या पडद्यावर आणला, आणि २००७ साली गूगलच्या ‘स्ट्रीट व्ह्यू’ने रस्तेच्या रस्ते अशा चित्रांत बसवायला सुरुवात केली.

भूगोलाच्या तासाला पाहिलेला पृथ्वीगोल आठवा. आता असे समजा की तो पोकळ आहे, नकाशा आतल्या बाजूने चिकटवला आहे आणि तुम्ही बरोबर मध्यभागी उभे आहात. विषुववृत्ताच्या जागी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरचे दृश्य आहे, उत्तर ध्रुवाच्या जागी डोक्यावरचे छत आणि दक्षिण ध्रुवाच्या जागी पायाखालची जमीन. सभोवार ३६० अंश आणि खालपासून वरपर्यंत १८० अंश. हा संपूर्ण गोल फोटोंच्या तुकड्यांनी आतून मढवायचा, एवढेच आपले काम. प्रश्न असा की तुकडे किती लागतील?

भिंग म्हणजे किती रुंद खिडकी?

दूरच्या वस्तूची प्रतिमा बहिर्वक्र भिंगाच्या नाभीपाशी पडते, हे तुम्ही शिकला आहात. कॅमेऱ्यात त्या ठिकाणी प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. मोठ्या कॅमेऱ्यांत त्याचे माप ३६ मिलिमीटर × २४ मिलिमीटर असते. भिंगाच्या मध्यापासून सेन्सरच्या दोन कडांकडे दोन रेषा काढा. त्यांच्यामधला कोन तोच त्या भिंगाचा दृश्यकोन. या त्रिकोणाचे मधोमध दोन भाग केले, की प्रत्येक काटकोन त्रिकोणात पाया म्हणजे नाभीय अंतर आणि उंची म्हणजे सेन्सरच्या बाजूचा अर्धा भाग. म्हणून,

टॅन (अर्धा दृश्यकोन) = सेन्सरची बाजू ÷ (२ × नाभीय अंतर)

उदाहरणार्थ, २४ मिमी नाभीय अंतराचे भिंग घ्या. कॅमेरा उभा धरला तर २४ मिमीची बाजू आडवी येते. २४ ÷ ४८ = ०.५. ज्या कोनाचा टॅन ०.५ आहे तो २६.६ अंशांचा. म्हणजे पूर्ण कोन सुमारे ५३ अंश. त्याच रीतीने उभा कोन सुमारे ७४ अंश येतो.

इथे एक सावधगिरी बाळगा. दृश्यकोन नुसत्या भिंगावर ठरत नाही, सेन्सरच्या मापावरही ठरतो. हेच २४ मिमीचे भिंग २३.५ × १५.६ मिमीच्या लहान सेन्सरवर लावले, तर ५३ अंशांऐवजी फक्त ३६ अंश दिसतात. म्हणून कोणी ‘मी चोवीसचे भिंग वापरतो’ म्हणाला, तर ‘सेन्सर केवढा?’ हे आधी विचारावे. मोबाइलमधल्या भिंगाचे खरे नाभीय अंतर काही मिलिमीटरच असते. माहितीपत्रकातला मोठा आकडा ३६ × २४ मिमीच्या सेन्सरशी तुलना करून दिलेला असतो.

आता तुकडे मोजू. दोन शेजारच्या फोटोंत काही भाग सामाईक असावा लागतो, कारण जोडणारा संगणक त्या भागातील खुणा जुळवूनच फोटो एकमेकांना लावतो. हा सामाईक भाग ३० टक्के धरू. म्हणजे प्रत्येक फोटोचा नवा भाग ७० टक्के. ५३ अंशांपैकी ३७ अंश नवे; ३६० ÷ ३७ = ९.७, म्हणजे एका फेरीला १० फोटो. एक फेरी समोर रोखून, एक कॅमेरा ४५ अंश वर करून, एक तितकाच खाली करून, शिवाय एक फोटो थेट वरचा आणि एक थेट खालचा. एकूण ३२. हाच हिशेब ३६ × २४ मिमीच्या सेन्सरवर इतर भिंगांसाठी केला तर असा तक्ता मिळतो (कॅमेरा उभा धरून) :

५० मिमी : आडवा कोन २७ अंश, उभा ४० अंश, एका फेरीत २०, पूर्ण गोलासाठी सुमारे ९० फोटो.
२४ मिमी : आडवा कोन ५३ अंश, उभा ७४ अंश, एका फेरीत १०, पूर्ण गोलासाठी ३२ फोटो.
१५ मिमी : आडवा कोन ७७ अंश, उभा १०० अंश, एका फेरीत ७, पूर्ण गोलासाठी ११ फोटो. (फेरी एकच, वर दोन आणि खाली दोन फोटो आडवेउभे धरून.)

टॅनचा हट्ट आणि माशाचा डोळा

तुम्हाला वाटेल, नाभीय अंतर कमी करत गेलो तर शेवटी दोन फोटोंतच सगळा गोल उरकेल. पण इथे टॅन आडवा येतो. ४५ अंशांचा टॅन १, ६० अंशांचा १.७३, ८० अंशांचा ५.६७ आणि ९० अंशांचा टॅन? तो काढताच येत नाही! अर्धा कोन ९० अंश हवा तर सेन्सर अनंत रुंद पाहिजे. सरळ रेषा सरळच ठेवणाऱ्या कोणत्याही भिंगाला १८० अंश दिसणे शक्य नाही. शिवाय कडेच्या वस्तू ताणल्या जातात, ते वेगळेच.

यावरची युक्ती माशाकडून शिकता येते. पाण्यातून वर पाहिले की क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे सारे आकाश सुमारे ९७ अंशांच्या वर्तुळात आकसलेले दिसते. प्रकाशाच्या अपवर्तनाची ही करामत. अमेरिकेचे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०६ साली पाण्याने भरलेल्या भांड्याचा कॅमेरा करून असे फोटो काढले आणि त्यांना ‘माशाच्या डोळ्याचे दृश्य’ म्हटले. तेच नाव पुढे भिंगांना चिकटले. बाजारात त्यांना फिशआय म्हणतात, आपण मत्स्यनेत्री भिंग म्हणू.

मत्स्यनेत्री भिंग सरळ रेषा सरळ ठेवण्याचा हट्ट सोडून देते. त्याच्या एका नेहमीच्या प्रकारात टॅनऐवजी असे सूत्र असते :

प्रतिमेचे मध्यापासून अंतर = २ × नाभीय अंतर × साइन (कोनाचा अर्धा)

८ मिमीच्या मत्स्यनेत्री भिंगात ९० अंशांवरची वस्तू कुठे उमटेल? २ × ८ × साइन ४५ = ११.३ मिमी. म्हणजे समोरचा संपूर्ण अर्धगोल २२.६ मिमी व्यासाच्या वर्तुळात येतो, आणि सेन्सरची लहान बाजू आहे २४ मिमी. अर्धे जग सेन्सरवर अगदी नेमके मावले! असे चार फोटो चार दिशांना काढले की गोल पुरा होतो. १५ मिमीच्या मत्स्यनेत्री भिंगात वर्तुळ मोठे होऊन सेन्सरचे चारही कोपरे भरतात. कॅमेरा उभा धरला तर आडवा कोन ९४ अंश आणि उभा १४७ अंश. सहा फोटो सभोवार, एक वर, एक खाली, असे एकूण आठ. साध्या १५ मिमीच्या भिंगाला ११ लागले होते, हे लक्षात घ्या. नाभीय अंतर तेच, पण भिंगाचा स्वभाव वेगळा. वाकलेल्या रेषांची मात्र चिंता नको. सूत्र ठाऊक असल्यामुळे संगणक प्रत्येक ठिपका त्याच्या योग्य कोनावर नेऊन बसवतो.

एका ठिपक्यात किती मावते?

मग झाले तर! ८ मिमीचे भिंग आणा, चार फोटो काढा आणि खाली उतरा. थांबा, अजून हिशेबाची दुसरी बाजू राहिली आहे.

समजा सेन्सरवर ६००० × ४००० ठिपके आहेत. ३६ मिमीत ६००० ठिपके, म्हणजे एक ठिपका ०.००६ मिमीचा. आता समरूप त्रिकोण वापरू. ठिपक्याचे नाभीय अंतराशी जे गुणोत्तर, तेच वस्तूवरच्या भागाचे वस्तूच्या अंतराशी.

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब, साधारण १४ मीटर रुंद आणि जवळपास तितकेच उंच आहे. छताला लाकडी कमानदार फासळ्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लाकूड अजून तिथे टिकून आहे. कॅमेरा तिपाईवर ठेवला तर छताचा सर्वांत उंच भाग त्याच्यापासून साधारण १२ मीटर, म्हणजे १२,००० मिमी दूर राहील. ८ मिमीच्या भिंगासाठी १२,००० × ०.००६ ÷ ८ = ९ मिमी. म्हणजे फासळीवरचा ९ मिमी लांबीरुंदीचा भाग एकाच ठिपक्यात गडप झाला. १५ मिमीच्या भिंगात हा आकडा ४.८, २४ मिमीच्या भिंगात ३ आणि ५० मिमीच्या भिंगात १.४ मिमी येतो.

हाच हिशेब गोल चित्राच्या रुंदीतही मांडता येतो. ८ मिमीने ३६० अंशांत सुमारे ८,४०० ठिपके मिळतात, १५ मिमीने १५,७००, २४ मिमीने २५,१०० आणि ५० मिमीने ५२,४००. नाभीय अंतर दुप्पट, तर ठिपकेही दुप्पट.

मैत्रिणीसाठी ८,४०० ठिपके वाईट नाहीत. पडद्यावर एका वेळी ९० अंश दिसतात असे धरले, तर २,१०० ठिपके तिच्या वाट्याला येतात आणि चित्र स्वच्छ दिसते. पण समजा तिने विचारले, ‘फासळीला भेग आहे का?’ दोन मिलिमीटरची भेग ९ मिलिमीटरच्या ठिपक्यात कशी दिसणार? तिचा काळेपणा आजूबाजूच्या लाकडाच्या रंगात मिसळून जातो. तो ठिपका घरी येऊन कितीही मोठा केला तरी भेग बाहेर येत नाही, कारण ती टिपलीच गेलेली नाही. आज काढलेले चित्र वीस वर्षांनंतर कोणीतरी ‘तेव्हा ही भेग होती का?’ हे ताडून पाहण्यासाठी उघडेल. त्या वेळी उत्तर मिळणार की नाही, हे आजच्या भिंगाने ठरते. म्हणून भिंग निवडताना एका फोटोत किती मावते एवढेच पाहू नये. एका ठिपक्यात किती मावते, हेही पाहावे.

काळोख, वेळ आणि जवळचे खांब

तर मग नेहमी ५० मिमीच का वापरू नये? त्यालाही कारणे आहेत.

पहिले कारण वेळ. लेण्यात उजेड मुख्यतः दर्शनी भागातील नालाकृती कमानीतून येतो. ती कमान लख्ख आणि कोपरे काळोखे. म्हणून प्रत्येक जागी कमी, मध्यम आणि जास्त प्रकाश घेणारे तीन फोटो काढावे लागतात. ९० जागा म्हणजे २७० फोटो. एका जागेला अर्धे मिनिट धरले तरी पाऊण तास! तेवढ्या वेळात बाहेरचे ऊन सरकते आणि माणसे येत-जात राहतात. लेण्यासमोरच एकवीरा देवीचे देऊळ असल्यामुळे इथे वर्दळ असते. एका फोटोत अर्धा माणूस आणि शेजारच्या फोटोत माणूसच नाही, असे झाले की जोड फसतो. आठ जागा मात्र चार मिनिटांत संपतात.

दुसरे कारण स्पष्टतेचे. भिंगाचे छिद्र ‘एफ ८’ वर ठेवले आणि योग्य अंतरावर रोखले, तर ५० मिमीच्या भिंगाने साधारण ५ मीटरपासून पुढचे सारे स्पष्ट येते. १५ मिमीच्या भिंगाने अर्ध्या मीटरपासून येते. हे अंतर नाभीय अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चैत्यगृहाच्या मधोमध उभे राहिले तरी बाजूचे खांब सुमारे चार मीटरांवरच असतात. छत स्पष्ट करावे तर खांब पुसट, आणि खांब स्पष्ट करावेत तर छत पुसट, अशी ५० मिमीच्या भिंगाची अडचण होते.

खांब का तुटतो?

एक डोळा मिटा. अंगठा चेहऱ्यासमोर धरा आणि डोके थोडे डावीकडे-उजवीकडे हलवा. मागच्या भिंतीवरून अंगठा सरकताना दिसेल. याला पराशय म्हणतात. कॅमेरा फिरवताना भिंग थोडे जरी बाजूला सरकले, तरी जवळचे खांब दूरच्या स्तूपावरून असेच सरकतात.

चैत्यगृहात एकूण ३७ खांब आहेत, म्हणजे पराशयाची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही. समजा, भिंग फिरण्याच्या अक्षापासून ५ सेंटिमीटर पुढे आहे. ३६ अंश वळवले की ते सुमारे ३१ मिमी सरकते. खांब दीड मीटरवर आणि स्तूप १५ मीटरवर असला, तर २४ मिमीच्या भिंगात दोघांच्या सरकण्यात सुमारे ७४ ठिपक्यांचा फरक पडतो. संगणकाने स्तूप जुळवला तर खांब तुटतो, खांब जुळवला तर स्तूप. चूक भिंगाची नाही, कॅमेरा फिरवण्याची आहे.

मग फिरवायचे कोणत्या बिंदूभोवती? भिंगात समोरून डोकावून पाहा. आत पाकळ्यांनी बनलेले छिद्र दिसते. ते जिथे असल्यासारखे भासते, तो हा बिंदू. तिपाईवर सरकती पट्टी लावून कॅमेरा इतका मागे घ्यावा, की हा बिंदू बरोबर अक्षावर येईल. तपासण्यासाठी एक काठी जवळ आणि एक दूर, एका रेषेत उभ्या करा. कॅमेरा डावीकडून उजवीकडे वळवला तरी दोन्ही काठ्या एकमेकींआडच राहिल्या, की अक्ष साधला. भिंग घेताना ते अशा पट्टीवर नीट बसेल ना, हेही पाहावे.

पाठीला पाठ लावलेल्या दोन मत्स्यनेत्री भिंगांचे छोटे कॅमेरेही मिळतात. प्रत्येक भिंग १८० अंशांहून थोडे अधिक पाहते, म्हणून एका टिचकीत गोल चित्र तयार होते. पण दोन भिंगे एकाच बिंदूत कशी असणार? त्यामुळे सांध्यावर आलेली जवळची वस्तू तुटते. शिवाय सेन्सर लहान असल्यामुळे अंधारात बारकावे कमी मिळतात. हातात वेळ नसेल तेव्हा मात्र त्यांचा उपयोग मोठा.

मग निवड कशी करायची?

भिंग निवडण्यापूर्वी कागदावर चार प्रश्न लिहा. एक, चित्र कशासाठी हवे, फिरून पाहण्यासाठी की बारकावे नोंदण्यासाठी? दोन, सर्वांत लहान कोणती खूण दिसायला हवी आणि ती किती अंतरावर आहे? (ती खूण ओळखू यायला निदान दोन-तीन ठिपके तरी हवेत.) तीन, सर्वांत जवळची वस्तू किती जवळ आहे? चार, वेळ आणि उजेड किती मिळेल?

कार्ल्याच्या चैत्यगृहासाठी मी असे ठरवीन : फेरीच्या प्रत्येक थांब्यावर १५ मिमीचे मत्स्यनेत्री भिंग, आठ जागा. आणि छताच्या फासळ्या व दर्शनी भिंतीवरील शिल्पे यांच्यासाठी ५० मिमीने वेगळे फोटो, जे फेरीत त्या जागी बोट ठेवले की उघडतील. उघड्या मैदानात, जिथे जवळ काही नाही आणि वेळ भरपूर आहे, तिथे २४ मिमीही उत्तम. लहानशा वर्गखोलीत ८ मिमी पुरेसे. सर्वांत चांगले भिंग असे काही नसते. त्या कामाला चांगले भिंग असते. आणि एक, संरक्षित स्मारकात तिपाई लावण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यायला विसरू नका.

करून पाहा

१. मोबाइल भिंतीपासून बरोबर २ मीटरवर उभा धरून फोटो काढा. फोटोच्या दोन कडांवर भिंतीचा जेवढा भाग आला तो टेपने मोजा. १ मीटरला ५ सेंटिमीटर या प्रमाणात त्रिकोण काढून कोन कोनमापकाने मोजा. तुमच्या मोबाइलला एका फेरीत किती फोटो लागतील?

२. टेबलावर दोन पेन्सिली एकामागे एक उभ्या करा. मोबाइल आधी हात लांब करून खांद्यापासून फिरवा, मग भिंगाखाली बोट टेकवून त्याभोवती फिरवा. पेन्सिली केव्हा वेगळ्या होतात?

३. ३५ मिमीचे भिंग, ३६ × २४ मिमीचा सेन्सर, कॅमेरा उभा. आडवा दृश्यकोन किती? ३० टक्के सामाईक भाग धरून एका फेरीत किती फोटो? ठिपका ०.००६ मिमीचा असेल, तर ६ मीटरवरील भिंतीचा केवढा भाग एका ठिपक्यात येईल?

(तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे : सुमारे ३८ अंश; १४ फोटो; सुमारे १ मिमी.)